दुसऱ्या फ्रिजमधली ओल

घरात बिअरसाठी वेगळा ठेवलेला फ्रिज सहसा नवा नसतो. स्वयंपाकघरात मोठा फ्रिज आला की जुना एकदारी फ्रिज गॅलरीत, जिन्याखालच्या कोपऱ्यात नाहीतर मोरीच्या भिंतीला लागून सरकतो आणि त्यात बाटल्या, कॅन, सोडा आणि बर्फ एवढेच उरते. मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत जागेची तंगी कायमची, त्यामुळे या दुसऱ्या फ्रिजच्या वाट्याला घरातला सर्वांत दमट कोपरा येतो. दोन-तीन पावसाळे गेले की आतल्या भिंतींना पाणी सुटू लागते, दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते आणि पायाकडचा पत्रा गंजून फुगतो. घरोघरी इलाज सुरू होतो तो बुरशीपासून, कारण ती डोळ्यांना खुपते. ती घासून काढली जाते आणि महिन्याभरात परत येते. बुरशी काय किंवा गंज काय, दोन्हींचे मूळ ओलीत आहे. आत शिरणारी दमट हवा अडवली नाही आणि साचलेल्या पाण्याला वाट दिली नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

हवेतल्या पाण्याचा हिशेब मांडला की मुंबईची अडचण स्पष्ट होते. जुलैत तापमान २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा ४ अंशांपर्यंत गार केली तर तिच्यात जेमतेम साडेसहा ग्रॅम वाफ मावते. बाकीचे पाणी कुठेतरी बसणारच. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४२ वर असला तरी आर्द्रता २० टक्क्यांवर असेल, तर घनमीटरमागे पाणी ११ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणून उन्हाचा तडाखा मोठा असूनही तिथला फ्रिज आतून बराच कोरडा राहतो. मुंबईच्या त्या जुलैतल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. खोलीपेक्षा तीनच अंशांनी गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर घाम धरायला तेवढे पुरते, मग तो पृष्ठभाग फ्रिजच्या बाहेरचा का असेना.

१९० लिटरच्या फ्रिजमध्ये बाटल्या भरल्यावर १०० लिटर हवा उरते असे धरू. दार सताड उघडले की जड झालेली थंड हवा खालून ओघळून जाते आणि खोलीतली हवा वरून आत शिरते. सगळी हवा बदलली तर दर खेपेला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास पाणी आत येते; दिवसातून वीसदा दार उघडले तर ३५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे. धड चालणारा फ्रिज एवढे पाणी मुकाट बाहेर काढतो. फटीचे गणित मात्र निराळे. रबर एखाद्या कोपऱ्यात उचलले गेले आणि तिथून तासाला १०० लिटर हवा आत-बाहेर होऊ लागली, तर दिवसाकाठी ४० ग्रॅम पाणी येते, तेही कोणी दाराला हात न लावता. बिअरचा फ्रिज दिवसातून दोन-चारदाच उघडतो, तरी स्वयंपाकघरातल्या फ्रिजपेक्षा तोच ओला का, याचे उत्तर बहुतेक वेळा या फटीत असते. त्यात भर पडते ती ओढीची. आत आलेली हवा २८ अंशांवरून ४ अंशांवर आली की सुमारे ८ टक्क्यांनी आकसते. दार लावल्यावर लगेच पुन्हा उघडायला गेले तर ते घट्ट लागते ते यामुळेच. रबर सैल असेल तर ही ओढ फटीतून आणखी दमट हवा खेचून घेते.

रबर तपासायला कागदी नोट पुरते. नोट दार आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावावे आणि नोट ओढावी. अडखळत आली तर ठीक, सरकन निघाली तर त्या जागी फट आहे. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, हे करून पाहावे. कडक झालेले रबर कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून हाताने पुन्हा आकारात आणता येते; फाटलेले किंवा आतले चुंबक सुटलेले रबर बदलण्याला पर्याय नाही, आणि फ्रिजचे मेकॅनिक मॉडेल पाहून नवे आणून देतात. पण रबर बदलण्याआधी लादी पाहावी. जुन्या चाळींच्या खोल्यांत लादीला मोरीकडे उतार असतो. अशा लादीवर फ्रिज एका पायावर भार देऊन उभा राहतो, सांगाडा किंचित पिळवटतो आणि दाराचा एक कोपरा चौकटीपासून सुटतो. नवे रबर बसवले तरी फट तिथल्या तिथेच. चारही पाय टेकतील असे पाहून पुढचे दोन पाय केसभर उंच ठेवले, तर दार आपल्या वजनाने मिटते.

फट बुजली की पुढचा प्रश्न आत आलेल्या पाण्याचा. एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाची ॲल्युमिनियमची भिंत हीच थंडाव्याची कॉइल असते. हवेतली वाफ तिच्यावर हिम होऊन बसते, म्हणजे तात्पुरती का होईना, हवेतून बाजूला होते. डिफ्रॉस्टचे बटण दाबले की हिम वितळते, पाणी खालच्या ट्रेत पडते, मागच्या भोकातून नळीने कॉम्प्रेसरवरच्या थाळीत उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जाते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये हेच काम लपलेली कॉइल आणि हीटर ठरावीक वेळाने आपोआप करतात. बिअरच्या फ्रिजमध्ये या व्यवस्थेला खीळ बसते ती थर्मोस्टॅटच्या बटणामुळे. बिअर ४ ते ७ अंशांवर चांगली लागते, दूध-भाजी ठेवायची नाही, वीज वाचवायची, म्हणून थर्मोस्टॅट अगदी खाली ठेवलेला असतो. मग कॉम्प्रेसर बराच वेळ बंद राहतो, तेवढ्यात कॉइलवरचे हिम वितळते आणि त्यातले काही पाणी वाफ होऊन पुन्हा फ्रिजभर पसरते. कमी गार फ्रिज जास्त ओला असतो, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटली तरी खरी आहे. पावसाळ्यात थर्मोस्टॅट मध्यावर ठेवावा, बाटल्या खालच्या खणात ठेवाव्यात, आणि आठवड्यातून एकदा, हिम बोटभर जाड होण्याआधी, डिफ्रॉस्ट करावे. बाटली लवकर गार व्हावी म्हणून बर्फाच्या खणात घालून विसरून जाणे मात्र महागात पडते. पाच टक्के मद्यार्काची बिअर शून्याखाली दोन-तीन अंशांवर गोठू लागते, बाटली फुटते आणि आंबट, साखरयुक्त फेस कॉइलपासून निचऱ्याच्या नळीपर्यंत पोचतो. बुरशीला एवढी मेजवानी दुसरी कुठली नसेल.

निचऱ्याचे भोक बिअरच्या फ्रिजमध्ये हमखास तुंबते ते लेबलांमुळे. काचेच्या बाटलीवरचे कागदी लेबल पाण्याने सुटणाऱ्या डिंकाने चिकटवलेले असते. घाम धरला की ते सरकते, लगदा होऊन खाली पडते आणि भोकाशी जाऊन बसते. भाजीच्या ट्रेखाली कायम पाणी दिसत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. इंजेक्शनच्या सिरिंजने कोमट पाणी सोडून आणि प्लॅस्टिकची लवचीक पट्टी घालून नळी मोकळी होते. तार किंवा सुई घालू नये, नळी आत फाटली तर पाणी थेट भिंतीतल्या इन्सुलेशनमध्ये जिरते. मागची थाळीही आठवड्याला धुऊन पुसावी. तिला बुरशीचा वास येतोच, शिवाय डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आठवड्या-दीड आठवड्यात पुरा करतो. पावसाळ्यातल्या तपासणीत महापालिकेचे कीटकनाशक खाते फ्रिजच्या मागे डोकावते ते उगीच नाही.

परदेशी पुस्तकांत बिअरच्या फ्रिजविषयी जे सल्ले मिळतात ते बहुतांशी पिंपे, नळ आणि घरी बिअर आंबवण्याची भांडी धरून दिलेले असतात. महाराष्ट्रात त्यांचा उपयोग थोडा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर तयार करता येत नाही, आणि विकत आणून प्यायलाही वयाची २१ वर्षे पुरी आणि परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्याच व्यवस्थेतून आले. त्यामुळे इथला बिअरचा फ्रिज म्हणजे बिअर शॉपीतून आणलेल्या बाटल्या आणि कॅन यांचे कोठार. मात्र इथे एक अशी अडचण आहे जी त्या पुस्तकांत सापडणार नाही.

ती अडचण श्रावणाची. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, फ्रिज रिकामा होतो. श्रावण पाळणाऱ्या घरांत मग महिनाभर, काही घरांत थेट गणपतीचे विसर्जन होईपर्यंत, त्याचे काम नसते. विजेचे बिल वाचवायला बटण बंद केले जाते आणि दार लावून टाकले जाते. वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत, आत उरलेले हिम वितळून, सांडलेल्या बिअरचे डाग तसेच ठेवून, एक हवाबंद पेटी २८ अंशांवर बंद राहते. चालू फ्रिजमध्ये ४ अंशांवर जी बुरशी महिनोन्‌महिने रेंगाळते, तिला इथे आठवडाही लागत नाही. भाद्रपदात दार उघडले की कुबट वासाचा भपकारा येतो आणि रबरापासून रॅकपर्यंत करडी-काळी लव दिसते. फ्रिज बंदच करायचा असेल तर पूर्ण डिफ्रॉस्ट करून, ट्रे आणि रॅक बाहेर काढून, सोड्याच्या पाण्याने पुसून, पंख्याखाली अर्धा दिवस उघडा ठेवून कोरडा करावा आणि दारात लाकडी ठोकळा अडकवून ते तीन-चार बोटे उघडे राहील असे करावे. लहान मुले असलेल्या घरात दार त्याच स्थितीत दोरीने बांधून टाकावे, मुलाला आत शिरता येऊ नये. हे जमणार नसेल तर महिनाभर फ्रिज चालू ठेवणे परवडते. पावसाळाभर बंद ठेवून बिघडलेल्या फ्रिजवर जास्त खर्च होतो.

फ्रिजमध्ये दिसणारी काळी बुरशी पुष्कळदा क्लॅडोस्पोरियम जातीची असते. करड्या-हिरव्या ठिपक्यांत पेनिसिलियम सापडते. दोन्ही थंडीला दाद देत नाहीत, क्लॅडोस्पोरियम तर शून्याच्या आसपासही वाढते. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहिली आणि खायला थोडा कागद, डिंक किंवा बोटांचा तेलकटपणा मिळाला की त्यांचे भागते. म्हणून खणांवर वर्तमानपत्र अंथरणे आणि बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट आत ठेवणे या दोन सवयी आधी सोडाव्यात. साफसफाई कोरड्या ब्रशने करू नये, बीजाणू खोलीभर उडतात. दमेकऱ्यांनी तर हे काम दुसऱ्याकडेच सोपवावे. प्लग काढून आधी साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे, घड्यांत जुना टूथब्रश ओला करून फिरवावा, मग औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड लावावे. बाटलीवर ६ टक्के लिहिलेले असेल तर तितकेच पाणी घालावे. दहा मिनिटांनी पुसून कोरडे करावे. ब्लीचने डाग लवकर जातो हे खरे, पण त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. रबरावर मुरलेला काळा डाग पुष्कळदा मेलेल्या बुरशीचा रंग असतो. तो गेला नाही म्हणून आणखी जहाल औषध ओतण्यात अर्थ नाही.

बिअरला या सगळ्याचा त्रास किती? बंद बाटलीला जवळजवळ नाही. क्राउन कॅप हे झाकण १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने शोधले, तेव्हा आत बुचाची चकती असे, आता प्लॅस्टिकची असते. झाकणाचा पातळ मुलामा दिलेला पत्रा काठाशी गंजला तरी चकती शाबूत असेपर्यंत आतली बिअर सुरक्षित असते. उघडण्याआधी गळा धुऊन-पुसून घ्यावा, नाहीतर गंजाचे कडे ओठांना लागते. कॅन ॲल्युमिनियमचा, त्याला तांबडा गंज चढत नाही, पण खारट ओलीत टिंबाएवढे खड्डे पडतात. तळाशी पांढरी पूड दिसत असेल आणि कॅन चिकट लागत असेल तर तो झिरपतो आहे, फेकून द्यावा.

गंजाचा विषय मुंबईत समुद्रापासून सुरू करावा लागतो. लोखंड कोरड्या हवेत फार सावकाश गंजते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की वेग झपाट्याने वाढतो. पृष्ठभागावर मीठ असेल तर एवढीही गरज नसते. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळते, बरणीतल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते ते त्यामुळे. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्क्यांनाच ओले होते. वाऱ्याबरोबर पत्र्यावर बसलेला हा थर मुंबईत बाराही महिने खऱ्या अर्थाने सुकतच नाही. हवेतले मीठ किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांत झपाट्याने कमी होते, म्हणून गिरगाव चौपाटीसमोरच्या किंवा दादर चौपाटीलगतच्या उघड्या गॅलरीतला फ्रिज लालबागच्या आतल्या खोलीतल्या फ्रिजपेक्षा लवकर सडतो. उपाय अगदी साधा, म्हणूनच दुर्लक्षित: महिन्यातून एकदा बाहेरचा पत्रा, बिजागऱ्या आणि मागचा भाग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. मीठ पाण्यानेच निघते, तेलकट पॉलिशने ते खालीच दबते. पॉलिश चढवायचे तर पुसल्यानंतर.

पायाकडचा गंज मात्र समुद्राचा कमी आणि लादीचा जास्त असतो. रोज लादी धुण्याचे पाणी लोखंडी स्टँडच्या नळ्यांत शिरते आणि आतून खाते. प्लॅस्टिकचा स्टँड इथे सरस. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते, त्यामुळे तो रंगाचा थर खालून उचलतो आणि फोडाखाली पाणी धरून ठेवतो. फोडावर वरून रंग मारणे म्हणजे गंजाला छप्पर घालणे. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, तो वाळल्यावर इनॅमल रंगाचे दोन पातळ हात. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे. जुलैत रंगवलेल्या पत्र्याखाली ओल कोंडली जाते. जाळीच्या रॅकवरचे प्लॅस्टिक आवरण जिथे टवके उडून निघाले असेल तिथून तांबडे ओघळ येतात, असा रॅक बदलणे सर्वांत स्वस्त.

जुन्या फ्रिजची एक वेगळी व्यथा आहे. गोदरेजचा कारखाना १८९७ मध्ये कुलपे बनवत लालबागला सुरू झाला आणि याच कंपनीने १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज काढला. त्या काळचे जाड पत्र्याचे फ्रिज वर्षानुवर्षे टिकत, आणि एखाद्या घरात तसा फ्रिज आजही बाटल्या गार करताना दिसतो. पण जुन्या फ्रिजांच्या भिंतींत काचलोकर भरलेली असे. सांध्यातून वाफ आत शिरली की काचलोकर भिजते आणि उष्णता अडवेनाशी होते. मग बाहेरचा पत्रा गार पडतो, त्याला घाम सुटतो आणि तो दोन्ही बाजूंनी गंजतो. पुढे आलेल्या पफ फोममध्ये हे सावकाश होते, पण भेग पडली तर होतेच. फ्रिजच्या बाहेरच्या एखाद्या ठिकाणी सतत पाणी दिसत असेल आणि रबर ठीक असेल, तर त्या जागचे इन्सुलेशन गेले असे समजावे.

ओल शोषणाऱ्या पदार्थांवर लोकांचा भरवसा जरा जास्तच असतो. सिलिका जेल दमट हवेत आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके पाणी घेते. अर्धा किलो जेलने फार तर दीडशे ग्रॅम. रोज ३५ ग्रॅम पाणी आत येणाऱ्या फ्रिजमध्ये ते चार-पाच दिवसांत भरते. क्वचित उघडणाऱ्या, रबर घट्ट असलेल्या फ्रिजमध्ये मात्र त्याचा उपयोग होतो, आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येते. निळ्याऐवजी नारिंगी जेल घ्यावे, निळ्यात कोबाल्टचे विषारी क्षार असतात. कपाटासाठी मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे किंवा वाटीतले मीठ फ्रिजमध्ये ठेवू नये. ते विरघळून सांडले तर ॲल्युमिनियमच्या कॉइलला भोक पाडायला तेच पाणी पुरे. कोळशाचा उपयोग वासासाठी, ओलीसाठी नव्हे. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा लहानसा आर्द्रतामापक आत ठेवला तर उपायांचा गुण येतो की नाही हे निदान कळते.

तळमजल्यावरच्या खोल्यांत, विशेषतः पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताच्या आसपास, ओल कधीकधी खालूनच येते. पुराचे पाणी कॉम्प्रेसरपर्यंत चढले असेल तर फ्रिज मेकॅनिकने तपासून सुकवल्याशिवाय प्लग लावू नये. गंजलेला फ्रिज आणि ओली लादी ही एरवीही धोक्याची जोडी आहे. जुन्या चाळींच्या वायरिंगमध्ये अर्थिंग धड असेलच असे नाही. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर फ्रिज तत्काळ बंद करावा आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

काही बिघाडांपुढे डागडुजी थांबते. बर्फ सुरीने खरवडताना कॉइलला पडलेले उघडे भोक पॅच मारून गॅस भरल्यावर काही काळ चालते. पण नळी फोमच्या आत गंजून गळू लागली, किंवा भिंतीचे इन्सुलेशन भिजून जड झाले, तर खर्च करण्यात राम नाही. अलीकडच्या फ्रिजमधला आर-६०० ए हा वायू म्हणजे आयसोब्यूटेन. तो शंभर ग्रॅमच्या आतच असला तरी ज्वालाग्राही आहे, म्हणून घरात नळी कापून तो सोडू नये. असा फ्रिज भंगारात काढताना तो ई-कचरा ठरतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवा. बहुतेक कंपन्या जुना फ्रिज घेऊन नव्याच्या किमतीत वळता करतात, तेव्हा तो उचलून नेण्याची सोयही त्यातच होते.